पांढरी कावीळ, कटिंग आणि सुट्टा

आमच्या मंडळाचं रक्तदान शिबिर दरवर्षी असतं, रक्त दिलं की हातात केळं, बिस्किटचा पुडा आणि एक सर्टिफिकेट. त्या वर्षी आठवड्याभराने ब्लड बँकेतून फोन आला, जरा येऊन जा म्हणून. गेलो तर एका मॅडमनी बाजूला घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं की तुमचं रक्त वापरता येणार नाही, हेपेटायटिस बी निघालाय. मी म्हटलं अहो मला आयुष्यात कधी कावीळ झाली नाही. त्या म्हणाल्या, बऱ्याच जणांना होतच नाही, असंच कळतं, रक्त दिल्यावर नाहीतर ऑपरेशनच्या आधी.

घरी सांगितलं तर आई म्हणाली, पांढरी कावीळ ती, गावाला जाऊन उतरवून आणू. बायको म्हणाली, आजपासून दारू बंद. आता दारू मी पीतच नव्हतो, थर्टीफर्स्टला एखादी बिअर, म्हणजे ते सोडणं न काढलेलं कर्ज फेडल्यासारखं. मी ओढायचो सिगरेट. ऑफिस लोअर परळला, गेटच्या बाहेर टपरी, कटिंग आणि सुट्टा, दिवसाला आठ-दहा तरी व्हायच्या. आणि तिच्याबद्दल घरात कोणी चकार शब्द काढला नाही, कारण सगळ्यांच्या डोक्यात खातेवाटप ठरलेलं, दारू लिव्हरकडे आणि सिगरेट फुफ्फुसाकडे, मंत्रिमंडळात असतं तसं.

लिव्हरच्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांनी दुसऱ्याच मिनिटाला विचारलं, सिगरेट? मी म्हटलं हो, पण ती छातीत जाते ना. ते म्हणाले, बरोबर, आणि छातीतून पुढे कुठे जाते?

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानंतर मी सहा वर्षं दर व्हिजिटला त्यांचं डोकं खाल्लंय, बाकी वाचलं, आणि त्यातून जे समजलं ते इथे लिहितोय. मी डॉक्टर नाही, पेशंट आहे, त्यामुळे गोळ्या-बिळ्यांचं काय ते तुमच्या डॉक्टरांना विचारून.

आधी दुखण्याचं बघू. कावीळ हे आजाराचं नाव नाही, ते लक्षण आहे. पाण्यातून, उघड्यावरच्या खाण्यातून होते ती बहुतेक वेळा ए किंवा ई व्हायरसची, पावसाळ्यात आपल्याकडे घरटी एक तरी असते, आणि ती महिना-दोन महिन्यांत बरी होऊन निघून जाते. गळ्यात माळ घालून जी कावीळ "उतरते" ती हीच, माळ नसती तरी उतरली असती. बी आणि सी वेगळे. हे रक्तातून पसरतात, बी शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला बाळंतपणाच्या वेळीसुद्धा, आणि सहा महिन्यांनंतरही रक्तात सापडत राहिले की डॉक्टर त्याला क्रॉनिक म्हणतात, म्हणजे पाहुणा नाही राहिला, भाडेकरू झाला. बी मोठेपणी झाला तर शंभरातल्या पंच्याण्णव जणांचं शरीर त्याला हाकलून देतं, पण जन्मताना झाला तर उलटं, शंभरातले नव्वद जण आयुष्यभर घेऊन फिरतात. माझं बहुतेक तेच. सी मोठेपणी झाला तरी साधारण दहातल्या सात जणांमध्ये ठाण मांडतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या रिपोर्टात भारतात क्रॉनिक बीचे अंदाजे २ कोटी ९८ लाख आणि सीचे ५५ लाख लोक आहेत असं दिलंय. आकडा वाचून मला जरा बरंच वाटलं होतं खरं सांगायचं तर, एकटा नाही म्हणून. अमिताभ बच्चन यांनी तर स्वतः जाहीर सांगितलंय की १९८२ च्या शूटिंगमधल्या अपघातात त्यांना जे रक्त दिलं गेलं त्यातून हेपेटायटिस बी आला, अनेक वर्षांनी कळलं आणि तोपर्यंत लिव्हरचा पाऊण भाग गेला होता. म्हणजे बघा, इतकी वर्षं आत काम चालू आणि माणसाला पत्ता नाही.

तर ते "आत काम" काय असतं?

मी राहतो त्या चाळीचं उदाहरण देतो. आमच्याकडे दर पावसाळ्यात जिन्याच्या भिंतीतून पाणी गळतं. गवंडी येतो, सिमेंट थापतो, जातो. पुढच्या वर्षी बाजूला गळतं, परत थापतो. तीस वर्षं हेच चाललंय, भिंत आता मूळ विटांची कमी आणि थापलेल्या सिमेंटची जास्त आहे, आणि एका वर्षी तर गवंड्याने पाणी जायचा पाईपच सिमेंटमध्ये बुजवला. मग सगळ्या बिल्डिंगचं पाणी तुंबलं.

लिव्हरमध्ये सेम होतं. व्हायरस पेशींमध्ये बसलेला, शरीराची पोलिसपार्टी त्याला पकडायला जाते आणि त्या झटापटीत आपल्याच पेशी मरतात. मेलेल्या जागी डागडुजी करायला गवंडी आहेत, त्यांना स्टेलेट पेशी म्हणतात. एरवी हे गवंडी शांत असतात, व्हिटॅमिन ए साठवून ठेवायचं एवढंच त्यांचं काम, गोडाऊनच्या वॉचमनसारखं. सूज आली की ते जागे होतात आणि सिमेंट थापायला लागतात, म्हणजे कोलॅजन. ह्या थापलेल्या भागाला फायब्रोसिस म्हणतात, फायब्रोस्कॅनच्या रिपोर्टावर जे एफ शून्य ते एफ चार लिहिलेलं असतं ते हेच, किती सिमेंट झालंय त्याचं माप. एफ चार म्हणजे सिरॉसिस. तेव्हा आतले पाईप दबायला लागतात, रक्त तुंबतं, पोटात पाणी, अन्ननलिकेतल्या शिरा फुगणं हे सगळं तिथून सुरू. आणि सारखी मोडतोड-बांधकाम चालू असलेल्या जागी पेशी सारख्या नव्याने बनत असतात, जितक्या वेळा नक्कल काढाल तितक्या वेळा चूक व्हायचा चान्स, त्यातली एखादी चूक म्हणजे कॅन्सर.

हे सगळं सिगरेट न ओढता. आता धूर आणू.

झुरका मारला की धूर फुफ्फुसात जातो, तिथून निकोटिन आणि बाकीचा माल सरळ रक्तात. दहा-वीस सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं, म्हणून तर ते पहिलं "हाश्श" वाटतं. पण रक्त मेंदूला भेटून थांबत नाही ना. आराम करताना हृदय जेवढं रक्त फेकतं त्यातलं जवळजवळ पाव लिव्हरमधून जातं, मिनिटाला दीड लिटरच्या आसपास. म्हणजे धूर लिव्हरला शिवत नाही हे खरं, पण धुरातलं जे जे रक्तात उतरलं ते काही मिनिटांत तिथे हजर, विरारवरून सुटलेली गाडी दादरला येणारच तशी. आणि धुरात असतं काय काय, ७००० च्या वर रसायनं, त्यातली किमान ७० कॅन्सर करणारी.

निकोटिन निस्तरायचं कामही लिव्हरचंच. त्यातलं सत्तर-ऐंशी टक्के लिव्हर कोटिनिनमध्ये बदलतं. (इन्शुरन्सवाले लघवीत हेच कोटिनिन बघतात, तुम्ही फॉर्मवर "नाही" लिहिलं तरी.)

इथे मला एक गोष्ट नवीन कळली आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपल्याला शाळेत शिकवलंय की लिव्हर विष मारतं. अर्धंच खरं आहे ते. लिव्हर दोन टप्प्यांत काम करतं, पहिल्या टप्प्यात एन्झाइम त्या रसायनाला चिकटवण्याजोगं बनवतात, दुसऱ्या टप्प्यात त्याला एक शेपूट लावून पाण्यात विरघळेल असं करून बाहेर काढतात. गोची अशी की धुरातली काही रसायनं, बेंझोपायरिन म्हणा किंवा अमिनोबायफिनाइल, पहिल्या टप्प्यानंतर जास्त डेंजर होतात. आधी ती निवांत असतात, लिव्हरच त्यांना धार लावतं, आणि मधल्या त्या वेळात ती डीएनएला जाऊन चिकटू शकतात. निरोगी लिव्हरमध्ये दुसरा टप्पा पटकन होतो, ग्लुटाथिओन नावाचा माल भरपूर असतो, काम उरकतं. पण व्हायरसमुळे आधीच सूज असलेल्या लिव्हरमध्ये ग्लुटाथिओन रोजच्या भांडणातच खर्च होत असतो. म्हणजे धार लावणारे कामावर आणि म्यान घालणारे कमी पडलेले. त्यात सिगरेटची मजा अशी की ती पहिल्या टप्प्याचे काही एन्झाइम वाढवते, ओढणाऱ्याच्या लिव्हरमध्ये ते जास्त जोरात चालतात. हे एन्झाइमचं लक्षात ठेवा, शेवटी परत लागणार आहे.

बीच्या बाबतीत अजून एक भानगड. हा व्हायरस आपला डीएनए माणसाच्या पेशीच्या डीएनएमध्ये घुसवून ठेवतो, घरात भाडेकरूने स्वतःच्या नावाने लाईटचं मीटर बसवल्यासारखं. त्यामुळे बीवाल्यांना सिरॉसिस नसतानाही लिव्हरचा कॅन्सर होऊ शकतो. सी असं करत नाही, तिथे कॅन्सर बहुतेक वेळा सिमेंट झालेल्या लिव्हरमध्येच येतो. म्हणून "माझं फायब्रोस्कॅन मस्त आहे" ह्यावर सीवाल्याने जितकं निश्चिंत व्हावं तितकं बीवाल्याने होऊ नये, आणि डीएनए आधीच छेडलेला असताना वरून डीएनएला चिकटणारा धूर घेणं हे किती शहाणपणाचं ते तुम्हीच बघा.

गवंड्यांकडे परत येऊ. स्टेलेट पेशींवर निकोटिनला ओळखणारी कुलुपं असतात असं सापडलंय, प्रयोगशाळेत निकोटिन दिलं की त्या जाग्या होऊन जास्त कोलॅजन बनवतात. शिवाय धुराने अंगात सूज वाढवणारे जे निरोपे असतात, साइटोकाइन्स, ते वाढतात. म्हणजे व्हायरसने दिलेलं काम चालूच होतं, सिगरेटने ओव्हरटाइम लावला. इथे मात्र खरं बोलायला हवं, फायब्रोसिसच्या बाबतीत माणसांवरचे अभ्यास सगळे एका सुरात नाहीत, काहींत ओढणाऱ्यांचं फायब्रोसिस स्पष्ट जास्त दिसतं आणि काहींत दारू, वजन वगैरे वजा केलं की फरक पुसट होतो. कॅन्सरचं तसं नाही, तिथे पुरावा पक्का आहे, २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूच्या धुराने होणाऱ्या कॅन्सरांच्या यादीत लिव्हर घातलं, आणि २०१४ ला अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या रिपोर्टातही तेच आलं. त्यालाही दहा वर्षांच्या वर झाली की राव, आणि आपल्याकडे पाकिटावर लिव्हरचा फोटो मी तरी अजून पाहिला नाही.

किती फरक पडतो म्हणाल, तर अमेरिकेतल्या १४ मोठ्या अभ्यासांचा डेटा एकत्र करून २०१८ ला एक पेपर आला, त्यात सिगरेट चालू असलेल्यांना लिव्हरच्या मुख्य कॅन्सरचा धोका कधीच न ओढणाऱ्यांच्या साधारण १.८६ पट निघाला. हे सर्वसाधारण लोकांचं. व्हायरस आणि धूर एकत्र आल्यावर काय होतं ते २०१० च्या एका एकत्रित विश्लेषणात बघितलंय, तिथे दिसलं की दोघांचा धोका नुसता बेरजेत जात नाही, बीमध्ये बेरजेपेक्षा जास्त आणि सीमध्ये तर गुणाकारापेक्षाही जास्त. मला हे समजायला वेळ लागला म्हणून सोपं करतो, समजा (आकडे माझ्या मनाचे आहेत, फक्त समजण्यासाठी) एका गोष्टीने धोका पाचपट होतो आणि दुसरीने दुप्पट, तर गुणाकार म्हणजे दहापट. म्हणजे जो माणूस आधीच पाचवर उभा आहे त्याला सिगरेटचे ते "फक्त दुप्पट" पाच पायऱ्या वर नेतात, आणि जो एकवर उभा आहे त्याला एकच पायरी. तीच टपरी, तीच सिगरेट, बाजूला उभा असलेला मित्र आणि मी, बिल दोघांना वेगळं.

आता लोखंड. हे जरा आडवळणाचं आहे पण मला आवडलं. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपट जास्त घट्ट पकडतो. मग शरीराला वाटतं ऑक्सिजन कमी पडतोय, ते जास्त लाल पेशी बनवतं. म्हणून खूप ओढणाऱ्या माणसाचं हिमोग्लोबिन कधीकधी १७-१८ असतं आणि घरचे खूश होतात, बघा किती रक्त आहे अंगात. त्या जास्तीच्या पेशींसाठी लोह जास्त शोषलं जातं, जुन्या पेशी मोडतात त्यातूनही सुटतं, आणि जास्तीचं लोह ठेवायची जागा कुठली तर लिव्हर. सूज असलेल्या लिव्हरमध्ये लोह म्हणजे ओल्या भिंतीत गंजणारी सळई, ती फुगते आणि भिंतच फोडते. सीच्या पेशंटमध्ये लोहाचा हा त्रास जास्त बघितला गेलाय.

पोलिसपार्टीचं थोडक्यात. धुराने व्हायरस मारणाऱ्या आणि कॅन्सरची पेशी सुरुवातीलाच टिपणाऱ्या पेशींचा जोर कमी होतो. सीला पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं असायची, वर्ष-वर्षभर, ताप आणि अंगदुखीने माणूस हैराण, तेव्हा ओढणाऱ्यांना ती कमी लागू पडतात असं दिसलं होतं. आता सीला गोळ्या आहेत, बहुतेकांचा कोर्स १२ आठवड्यांचा, आणि ९५ टक्क्यांच्या वर लोक बरे होतात. बीला बरं करणारी गोळी अजून नाही, टेनोफोविर किंवा एन्टेकाविर रोज घ्यायची, व्हायरस दबून राहतो. डायबिटीस असेल तर तो वेगळा भिडू, सिगरेट टाइप २ डायबिटीसचा धोका तीस-चाळीस टक्के वाढवते आणि डायबिटीस लिव्हरला त्रासच देतो, ह्यावर वेगळं लिहावं लागेल.

सीवाल्यांशी दोन शब्द, कारण माझ्या ओळखीतल्या एका काकांनी हेच केलं. गोळ्या संपल्या, व्हायरस निल आला, पेढे वाटले, आणि संध्याकाळी परत सिगरेट, आता काय, बरा झालो ना. व्हायरस गेला म्हणजे गळती थांबली. थापलेलं सिमेंट काही लगेच निघत नाही, काहींचं वर्षांमध्ये थोडं मऊ होतं, सिरॉसिस असेल तर कॅन्सरचा धोका कमी होतो पण शून्य होत नाही, म्हणून तर व्हायरस गेल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करत राहायला सांगतात. उरलेल्या धोक्यात तुमच्या हातातली एकच गोष्ट मोठी आहे (दारू सोडली असेल असं धरतो), ती पेढ्यांच्या दिवशी काकांच्या दोन बोटांमध्ये होती.

आणि एसजीपीटी, लिव्हरच्या रक्ततपासणीतला. सगळे हाच आकडा बघतात. व्हॉट्सॲपवर रिपोर्ट येतो, एसजीपीटी ३२, नॉर्मल, चला टपरीवर. एसजीपीटी म्हणजे आज किती पेशी फुटल्या त्याचा अंदाज, गेल्या वीस वर्षांत किती सिमेंट चढलं ते त्यात कळत नाही, आणि डीएनएला काय चिकटलं ते तर नाहीच नाही. सिरॉसिस असलेल्या माणसाचं एसजीपीटी नॉर्मल असू शकतं. मी स्वतः तीन वर्षं ह्या आकड्याच्या जोरावर ओढत राहिलो, रिपोर्ट नॉर्मल आला की सेलिब्रेशनला एक जास्तीची, आता आठवलं की लाजच वाटते.

प्रकरण ट्रान्सप्लांटपर्यंत गेलं तर सिगरेटचा प्रश्न परत समोर येतोच. नवीन लिव्हरला रक्त नेणारी जी मुख्य धमनी जोडतात तिच्यात गुठळी होण्याचा त्रास ओढणाऱ्यांमध्ये जास्त दिसलाय, आणि नंतर घ्याव्या लागणाऱ्या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांमुळे दुसरे कॅन्सर व्हायचा धोका तसाही वाढतो, सिगरेट त्यात भर घालते. म्हणून बऱ्याच ठिकाणी टीम आधी सिगरेट सोडायला लावते आणि लघवीत कोटिनिन तपासते. घरातला कोणीतरी आपलं अर्धं लिव्हर कापून द्यायला तयार झालेला असतो, त्याच्यासमोर तो रिपोर्ट पॉझिटिव्ह येणं, नको.

मग बिडी? बिडीत पान तेंदूचं, तंबाखू कमी, म्हणून लोक तिला गरीब बिचारी समजतात. पण तेंदूचं पान नीट जळत नाही, ती विझू नये म्हणून सारखी आणि जोरात ओढावी लागते, त्यामुळे निकोटिन, टार आणि कार्बन मोनॉक्साइड सिगरेटपेक्षा जास्त मिळतो. हुक्क्यात पाणी असतं म्हणून धूर धुतला जात नाही. व्हेपवर २०१९ पासून देशात बंदीच आहे, तरी ऑफिसातल्या पोरांच्या खिशात दिसतं ते सोडा.

आपल्या महाराष्ट्राची गंमत अशी की इथे ओढणारे कमी आणि चघळणारे जास्त. २०१६-१७ च्या सर्व्हेत राज्यातले साधारण २४ टक्के मोठे लोक तंबाखू-चुना, मिश्री, गुटखा असलं काही तरी घेत होते, गुटखाबंदी २०१२ ची असूनही. तर सिगरेट सोडून मळलेल्या तंबाखूवर यायचं का, आमच्याकडे एकाने खरंच विचारलं. चघळण्याने लिव्हरचा कॅन्सर होतो हे धुराइतकं पक्कं सिद्ध नाही, पण निकोटिन तेच, ते लिव्हरलाच निस्तरायचं, नायट्रोसामाइन्स नावाची कॅन्सर करणारी रसायनं तीच, आणि तोंडाच्या कॅन्सरचं काय ते परळला टाटाच्या बाहेरच्या फुटपाथवर पाच मिनिटं उभं राहिलं की कळतं.

सोडल्याने काय मिळतं, तर त्याच १४ अभ्यासांच्या पेपरमध्ये तीस वर्षांपूर्वी सोडलेल्यांचा धोका कधीच न ओढणाऱ्यांच्या जवळपास आलेला होता. तीस वर्षं वाचून माझा पहिला विचार, मग कशाला. पण ते काही तिसाव्या वर्षी अचानक बटण दाबल्यासारखं होत नाही, उतार आहे तो, आणि कार्बन मोनॉक्साइड तर एक-दोन दिवसांतच रक्तातून जातो.

सोडायचं कसं, ह्यात लिव्हरवाल्यांना दोन-तीन गोष्टी वेगळ्या आहेत. निकोटिनचा च्युइंगगम केमिस्टकडे मिळतो, पण तो साधा चिंगम नाही, सतत चावायचा नसतो, दोन-चारदा चावून जीभ चुरचुरली की गालात धरून ठेवायचा, आणि त्याच्या आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी नको, नाहीतर निकोटिन तोंडातून नीट शोषलंच जात नाही. मी पहिले चार दिवस कटिंगबरोबरच चावत होतो आणि कंपनीला शिव्या घालत होतो. सिरॉसिस पुढे गेलेलं असेल तर लिव्हर निकोटिन हळू काढतं, त्यामुळे डोस डॉक्टरांकडून ठरवून घ्यायचा. गोळ्यांमध्ये व्हरेनिक्लिन बहुतांशी किडनीतून बाहेर पडते म्हणून लिव्हरवाल्यांना सोयीची, ब्युप्रोपिऑन मात्र लिव्हरमध्येच मोडते, सिरॉसिसमध्ये तिचा डोस कमी करावा लागतो. आणि कुठलंही "सात दिवसांत व्यसनमुक्ती"वालं चूर्ण घेऊ नका, आत काय आहे ते माहीत नसताना आजारी लिव्हरला ते देणं म्हणजे गळक्या भिंतीवर अजून एक टाकी चढवणं.

सरकारी तंबाखूमुक्ती फोनलाइन आहे, १८००-११-२३५६, फुकट, मराठीतून बोलतात. मला वाटलं होतं रेकॉर्डेड बाई असेल, माणूस निघाला, आणि त्याने पहिला प्रश्न विचारला की दिवसातली कुठली सिगरेट सोडणं सगळ्यात अवघड जाईल. उत्तर मला लगेच आलं, चारची. बी-सीच्या तपासण्या आणि औषधांसाठी राष्ट्रीय कार्यक्रम २८ जुलै २०१८ पासून आहे, ठरवलेल्या सरकारी सेंटर्सवर फुकट, त्याचा नंबर १८००-११-६६६६. घरच्यांची टेस्ट पण करून घ्या आणि ज्यांची निगेटिव्ह येईल त्यांना बीची लस, बायकोची आणि मुलाची मी त्याच आठवड्यात करून घेतली. सीला लस नाही. एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने हे पसरत नाही, ब्लेड, सुई, टूथब्रश मात्र प्रत्येकाचा वेगळा.

आता ते एन्झाइम. सिगरेट सोडली आणि दुसऱ्या आठवड्यात माझी झोप उडाली, छातीत धडधड, हात थरथर, मी समजलो तलफ आहे, बायको समजली बीपी. डॉक्टरांनी विचारलं चहा किती? मी म्हटलं तेवढाच, सहा कटिंग, आणि एक मशीनची कॉफी. तर भानगड अशी की धुराने लिव्हरमधला जो एन्झाइम जोरात चालतो तोच कॅफिन पण मोडतो, ओढणारा माणूस कॅफिन जवळपास दुप्पट वेगाने संपवत असतो. सिगरेट बंद झाली की काही दिवसांत तो एन्झाइम आपल्या मूळ चालीवर येतो, आणि चहा तेवढाच राहिला तर कॅफिन रक्तात साचतं. सोडण्याचा त्रास म्हणून लोक जे सांगतात त्यात थोडा हात ह्या चहाचा पण असतो, आणि कंटाळून माणूस परत टपरीवर जातो, तिथे परत चहाच. (काही औषधंही ह्याच एन्झाइमने मोडतात, मानसिक आजाराची किंवा दम्याची गोळी चालू असेल तर सिगरेट सोडतोय हे त्या डॉक्टरांना आधी सांगा.) कॉफी तशी लिव्हरला वाईट नाही, उलट पिणाऱ्यांमध्ये सिरॉसिस आणि लिव्हर कॅन्सर कमी दिसतो असं बऱ्याच अभ्यासांत आलंय, त्यामुळे मी सकाळची कॉफी ठेवली आणि कटिंग सहाचे तीन केले. चारचं अजून पितो. टपरीवाला पहिले दोन महिने ग्लास पुढे करताना सवयीने दुसऱ्या हाताने पाकीट उघडायचा, मग त्याने आपणच बंद केलं.